बारावीनंतर कोणत्या जागेला कोणती परीक्षा? सांगली-साताऱ्यातल्या विद्यार्थ्यांसाठी

घरातलं कोणी पहिल्यांदाच बारावीनंतर व्यावसायिक शिक्षणाला निघालं की निकालाच्या दिवशी हमखास विचारलं जातं, "बारावीला एवढे पडलेत, मिळेल ना?" इंजिनिअरिंग, मेडिकल, लॉ, बीबीए-बीसीए यांच्या बाबतीत हा प्रश्नच चुकीचा आहे. तिथे बारावीचे गुण पात्रतेपुरते लागतात, क्रम ठरतो प्रवेश परीक्षेवर. इंजिनिअरिंगला खुल्या प्रवर्गातून ठरावीक विषयांत मिळून ४५ टक्के आणि राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४० टक्के असले की बारावीचं काम संपलं. नव्वद टक्के पडूनही सीईटी (राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा) बिघडली तर त्या नव्वदचा उपयोग नाही.

म्हणून सुरुवात परीक्षेपासून न करता जागेपासून करावी. आधी कोणत्या कोर्सची, कोणत्या प्रकारच्या कॉलेजातली आणि कोणत्या कोट्यातली जागा हवी ते ठरवा. मग ती जागा कोणत्या परीक्षेच्या गुणांवर भरतात ते पाहा, आणि तेवढेच अर्ज भरा. शेजारच्या मुलाने पाच फॉर्म भरले म्हणून आपणही पाच भरायचे, यात पैसे जातात आणि अभ्यासाचे तीन तुकडे होतात.

जागा आणि परीक्षा यांची जोडी

महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांसाठी मुख्य परीक्षा एमएचटी-सीईटी, पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गट. सांगलीचं वालचंद, कराडचं शासकीय अभियांत्रिकी, साखराळ्याचं आरआयटी, साताऱ्याचं रयतचं केबीपी, आष्ट्याचं अण्णासाहेब डांगे कॉलेज, सगळीकडे हीच. यातल्या बऱ्याच कॉलेजांत अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्के जागा जेईई मेनच्या गुणांवर भरतात. त्या महाराष्ट्रातल्या मुलांनाही खुल्या असतात, पण तिथे राज्याचं आरक्षण चालत नाही. एनआयटी, ट्रिपल आयटी या राष्ट्रीय पातळीवरच्या अभियांत्रिकी संस्थांत जायचं असेल तर जेईई मेनला पर्याय नाही. आयआयटीसाठी मेनमधून पहिल्या अडीच लाखांत येऊन पुढे जेईई अ‍ॅडव्हान्स्ड द्यावी लागते, तीही लागोपाठच्या दोनच वर्षांत, जास्तीत जास्त दोनदा. एनआयटी-आयआयटीला बारावीत ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांगांना ६५) किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं अशीही अट आहे, म्हणजे तिथे बारावी पूर्ण सोडून चालत नाही.

फार्मसीला पीसीएम किंवा पीसीबी (गणिताऐवजी जीवशास्त्र), कोणत्याही गटाची सीईटी चालते. कृषी पदवीलाही सीईटीच. एमबीबीएस, बीडीएस, आयुर्वेद, होमिओपॅथीला नीट. मिरजेचं आणि साताऱ्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय धरलं तर ८५ टक्के जागा राज्याच्या यादीतून आणि १५ टक्के अखिल भारतीय यादीतून भरतात. दोन्ही नीटवरच, पण अर्ज दोन ठिकाणी करावे लागतात. कराडचं कृष्णा आणि सांगलीचं भारती ही अभिमत विद्यापीठांची वैद्यकीय महाविद्यालयं. तिथलेही प्रवेश नीटवरच होतात, पण दिल्लीच्या एमसीसीच्या (केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीच्या) फेऱ्यांतून. राज्याच्या कॅपमध्ये (केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांत) ती दिसली नाहीत म्हणून गोंधळू नका.

कॉमर्स आणि आर्ट्सवाले इथे सर्वांत जास्त फसतात. २०२४-२५ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस या एआयसीटीईच्या (केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेच्या) मान्यतेखालच्या कोर्सना स्वतंत्र सीईटी लागू झाली. शंभर प्रश्न, दीड तास, निगेटिव्ह मार्किंग नाही. परीक्षा सोपी आहे, फक्त तिचा फॉर्म बारावीच्या निकालाआधीच बंद होतो. काही कॉलेजांनी मग कोर्सचं नाव बदलून बीकॉमच्या छत्राखाली तोच विषय सुरू ठेवला, तिथे सीईटी लागत नाही. तेव्हा कॉलेजात विचारताना "बीबीए आहे का" एवढंच न विचारता "एआयसीटीईचा बीबीए की विद्यापीठाचा बीकॉम" असं विचारा. पाच वर्षांच्या एलएलबीला लॉ सीईटी, बीएस्सी नर्सिंगला नर्सिंगची सीईटी, आर्किटेक्चरला नाटा ही वेगळी परीक्षा किंवा जेईईचा दुसरा पेपर.

साधं बीए, बीकॉम, बीएस्सी शिवाजी विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत आजही बारावीच्या गुणांवर मिळतं. दिल्ली विद्यापीठ, जेएनयू, हैदराबाद, बनारस अशा केंद्रीय विद्यापीठांत तेच बीए करायचं तर २०२२ पासून सीयूईटी द्यावी लागते. त्यात प्रत्येक विषयाला तासाभरात ५० प्रश्न, बरोबर उत्तराला ५ गुण, चुकलं तर १ वजा. जास्तीत जास्त पाच विषय घेता येतात. ते निवडताना आधी त्या विद्यापीठाच्या त्या कोर्सला कोणते विषय लागतात ते उघडून पाहा. चुकीचा विषय घेतला तर पूर्ण गुण पडूनही अर्ज बाद.

दहावीनंतर डिप्लोमा केला तर सीईटी अजिबात लागत नाही. मिरज किंवा कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनात दहावीच्या गुणांवर प्रवेश, पुढे डिप्लोमाच्या गुणांवर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग. परीक्षेला घाबरणाऱ्या पण वर्षभर नीट अभ्यास करणाऱ्या मुलासाठी हा मार्ग लोक समजतात तितका दुय्यम नाही.

अकरावीला कुठे जाता, तिथेच अर्धं ठरतं

इंजिनिअरिंगच्या कॅपमध्ये बऱ्याच कॉलेजांच्या जागांची होम युनिव्हर्सिटी (त्या कॉलेजाच्या विद्यापीठाच्या हद्दीतले) आणि अदर दॅन होम (बाहेरचे) अशी वाटणी असते, मोठा वाटा होमचा. दहावी-बारावी महाराष्ट्रातूनच झालेल्या मुलांचं होम विद्यापीठ ठरतं ते बारावी जिथून पास झाली त्या जागेवरून. घर कुठे, रेशनकार्ड कुठलं, जन्म कुठला, याचा त्याच्याशी संबंध नाही. सांगली, सातारा आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे शिवाजी विद्यापीठाचे.

आता फलटणचा मुलगा रोज बसने बारामतीला जाऊन बारावी करतो. बारामती पुणे जिल्ह्यात, म्हणजे त्याचं होम पुणे विद्यापीठ. आटपाडीची मुलगी सांगोल्यात शिकते, तिचं होम सोलापूर विद्यापीठ. तासगावचा मुलगा नीट-जेईईसाठी लातूरला दोन वर्षं राहतो, त्याचं होम नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ. या तिघांना आपल्याच जिल्ह्यातल्या खासगी कॉलेजात बाहेरच्यांच्या वाट्यातून जागा मिळवावी लागते, आणि लोकप्रिय शाखांना तिथला कटऑफ बहुतेकदा वेगळा असतो. उलट पुण्यात शिकायचं असेल तर बारामतीत बारावी केलेल्या मुलाचा फायदाच. चांगलं-वाईट असं यात काही नाही, फक्त माहीत नसताना झालं तर वाईट. क्लासवाले हे सांगत नाहीत.

नावनोंदणी गावच्या ज्युनिअर कॉलेजात आणि प्रत्यक्ष राहणं लातूरला, असंही बरेच जण करतात. मग होम गावच्या कॉलेजाचं राहतं, पण हजेरी, प्रात्यक्षिकं आणि बोर्डाची परीक्षा यांची सोय आधी लिहून-विचारून घ्या.

जत किंवा मिरजेच्या सीमेवरच्या मुलांसाठी आणखी एक बाब. दहावी-बारावी कर्नाटकातून झाली की प्रवेशाचा 'टाइप', म्हणजे उमेदवारीचा प्रकार, बदलतो. वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांना वेगळा टाइप आहे, पण त्यासाठी गाव त्या यादीत असल्याचा आणि मातृभाषेचा दाखला लागतो. तो निकालानंतर जमवायला निघू नये.

दाखले: बारावी सुरू होताच

कागदांमुळे अडलेल्या जागा दर वर्षी दिसतात, आणि त्यात सर्वांत वेळखाऊ म्हणजे जात वैधता, म्हणजे जातीचा दाखला तपासून मिळणारं प्रमाणपत्र. प्रकरण जिल्हा जात पडताळणी समितीकडे जातं. सांगलीला आणि साताऱ्याला स्वतंत्र समिती आहे. अर्ज ऑनलाइन, सोबत ज्युनिअर कॉलेजच्या सही-शिक्क्याचं १५-अ पत्र. बारावीच्या जून-जुलैत टाकला तर उन्हाळ्यापर्यंत हातात येण्याची शक्यता. मे महिन्यात टाकला तर सगळ्या जिल्ह्याची गर्दी त्याच खिडकीवर असते.

पुरावा मानीव दिनांकाच्या आधीचा लागतो: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसी व विशेष मागास प्रवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. व्यवहारात हा पुरावा आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरच्या उताऱ्यात सापडतो. शाळा बंद झाली असेल तर रजिस्टर कुठे गेलं ते गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे विचारा. तेही नसेल तर तहसील कार्यालयातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, म्हणजे गाव नमुना १४. वडील, सख्खे काका किंवा चुलत भाऊ यांच्यापैकी कोणाची वैधता झाली असेल तर तिची प्रत आणि वंशावळ जोडा, काम बरंच हलकं होतं. प्रकरण अडतं ते बहुधा स्पेलिंगमुळे आणि आडनावामुळे. आजोबांच्या उताऱ्यावर गावावरून पडलेलं आडनाव, वडिलांच्या दाखल्यावर दुसरंच. दोन्ही व्यक्ती एकाच कुळातल्या, हे प्रतिज्ञापत्रात स्पष्ट लिहा.

नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र प्रांत कार्यालयातून मिळतं. त्यावरची तारीख वाचा. ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घ्यायचा ते संपेपर्यंत, म्हणजे पुढच्या ३१ मार्चपर्यंत ते वैध असावं लागतं. पोर्टलवरचे बरेच आक्षेप याच एका तारखेवर असतात. उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला तहसीलदारांचा. उत्पन्नासाठी आधी तलाठ्याचा अहवाल. हे सगळं आपले सरकार सेवा केंद्रातून होतं, पण केंद्रवाल्याने टाइप केलेलं नाव सबमिट करण्याआधी स्वतः वाचा.

मराठा समाजातल्या मुलांनी एक भेद पक्का लक्षात ठेवावा. राज्याच्या प्रवेशांत सध्या एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) प्रवर्ग आहे, आणि कुणबी नोंद सापडली असेल तर ओबीसी. दोन्ही एकदम नाही. केंद्राच्या अर्जांत, म्हणजे जेईई, नीटचा अखिल भारतीय कोटा, सीयूईटी यांत एसईबीसी नावाचा रकानाच नाही. तिथे कुणबी दाखला नसेल तर सर्वसाधारण, किंवा उत्पन्न-मालमत्तेच्या अटीत बसत असल्यास ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), आणि तेही केंद्राच्या नमुन्यातलं. धनगर आणि वंजारी राज्यात भटक्या जमातींच्या गटात येतात, केंद्राच्या यादीत ओबीसीत. माण, खटाव, जत, आटपाडीतल्या मुलांनी जेईईच्या अर्जात एनटी (भटक्या जमाती) शोधत बसू नये. ओबीसीचा केंद्राचा नमुना राज्याच्या दाखल्यापेक्षा वेगळा असतो, तो प्रांताकडून स्वतंत्र मागून घ्यावा लागतो.

अर्ज भरताना

क्रम साधारण असा. जेईई मेनच्या जानेवारी सत्राचे अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात, सीईटीचे वर्षाच्या सुरुवातीला, नीटचे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. जेईई मेन जानेवारी आणि एप्रिलमध्ये होते, दोन्हींतला चांगला स्कोअर धरतात. एमएचटी-सीईटीही २०२६-२७ च्या प्रवेशांपासून एप्रिल आणि मे अशी दोनदा घेण्याचा निर्णय झाला, दुसरी ऐच्छिक. तारखा मात्र त्या-त्या वर्षीच्या अधिकृत पत्रकातच बघा, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोत नाही.

नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे टाका. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. एवढ्याने बिघडत नाही. बिघडतं ते 'दत्तात्रय' आणि 'दत्तात्रेय'मुळे, किंवा आधारवर वडिलांचं नावच नसल्याने. आधारची दुरुस्ती अकरावीतच उरका, अपार आयडीही (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) कॉलेजातून काढून घ्या. मोबाइल नंबर आणि ईमेल घरचा द्या. नेट कॅफेवाल्याचा ईमेल टाकला की पुढे प्रत्येक ओटीपीसाठी त्याच्या दारात उभं राहावं लागतं, आणि ऐन कॅपमध्ये त्याच्याकडे आणखी चाळीस जण असतात.

माध्यमाचा रकाना घाईत भरू नका. सीईटीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राचे प्रश्न मराठीतही घेता येतात, गणित मात्र इंग्रजीतच. नीट आणि जेईई मेन मराठीत आहेत. पण ज्याने अकरावी-बारावीचं विज्ञान इंग्रजी पुस्तकांतून वाचलं त्याने परीक्षेला मराठी निवडू नये. 'संवेग' आणि 'मोमेंटम' यांची सांगड घालण्यात वेळ जातो.

सीईटीचा पेपर आतून

पीसीएम गटाला एकूण २०० गुण. भौतिकशास्त्र ५० प्रश्न, रसायनशास्त्र ५० प्रश्न, प्रत्येकी १ गुण. गणित ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण. म्हणजे निम्मा पेपर एकट्या गणिताचा. पीसीबीला गणिताच्या जागी जीवशास्त्राचे १०० प्रश्न, १ गुणाचे. सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीच्या ठरावीक प्रकरणांवर, ८० टक्के बारावीवर, अभ्यासक्रम राज्य मंडळाचा.

पडद्यावर पहिली ९० मिनिटं फक्त भौतिक आणि रसायन उघडं असतं. गणिताचा भाग कुलूपबंद दिसतो आणि ९० मिनिटं झाल्यावरच उघडतो. त्याच क्षणी पहिला भाग बंद होतो, मागे जाता येत नाही. घरी सराव करताना बरीच मुलं आवडीचं गणित आधी सोडवतात, किंवा भौतिकातल्या अवघड प्रश्नांवर "नंतर बघू" अशी खूण करून ठेवतात. हॉलमध्ये ते 'नंतर' येत नाही. सराव घड्याळ लावून, ९० आणि ९० असाच करा. रसायन आधी चाळीसेक मिनिटांत संपवून उरलेला वेळ भौतिकाला देणं बहुतेकांना सोयीचं पडतं.

निगेटिव्ह मार्किंग नाही. म्हणून सीईटीत एकही प्रश्न कोरा सोडणं म्हणजे गुण टाकून देणं. शेवटची तीन मिनिटं राखून ठेवा आणि उरलेल्या सगळ्यांवर काहीतरी टिचकी मारा. हीच सवय जेईई-नीटला घातक, तिथे बरोबरला ४ आणि चुकीला १ वजा. दोन्ही परीक्षा देणाऱ्याने सराव पेपरही वेगळ्या नियमाने सोडवावेत.

केंद्र निवडताना जिल्हा निवडता, कॉलेज नाही. सांगली घातलं म्हणून शहरातलं विश्रामबागच मिळेल असं नाही, शहराबाहेरचं इंजिनिअरिंग कॉलेजही मिळू शकतं. सकाळचं सत्र ९ ते १२, पण आत बोलावतात साडेसातपासून, आणि गेट सुरुवातीआधीच बंद होतं. जत, कोयनेकडचा पाटण भाग किंवा दहिवडीहून पहिल्या एसटीने निघून हे जमत नाही. आदल्या रात्री जवळ मुक्काम करा. नीटला ओएमआर (कागदावर गोल रंगवायचे), दुपारी २ ते ५, गेट दीडला बंद. तिथे पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बूट टाळा.

परीक्षेनंतर उत्तरतालिका आणि तुमचा प्रतिसाद लॉगिनमध्ये येतो. आक्षेप शुल्क भरून, मुदतीत घ्यायचा असतो. तो फुकट जातो असं समजू नका. २०२५ मध्ये २७ एप्रिलच्या एका सत्रातल्या गणिताच्या पेपरात इतक्या चुका निघाल्या की त्या सत्राची ५ मे रोजी फेरपरीक्षा घ्यावी लागली. पुस्तकातलं पान जोडून नेमका आक्षेप घ्या, "उत्तर चूक वाटते" एवढं लिहून उपयोग नाही.

पर्सेंटाइल कसा वाचायचा

परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. म्हणून गुण थेट ताडून पाहत नाहीत. तुमच्या सत्रात तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण मिळालेले किती, भागिले त्या सत्राला बसलेले एकूण, गुणिले शंभर. हा झाला पर्सेंटाइल, दशांशानंतर सात स्थळांपर्यंत. अवघड सत्रात १२० गुणांना जो पर्सेंटाइल मिळेल तो सोप्या सत्रात १३५ ला मिळू शकतो. मित्राचे गुण विचारून रडू किंवा हसू नका.

टक्के आणि पर्सेंटाइल यांत घरच्यांची गल्लत होते, तेव्हा त्याचं क्रमांकात रूपांतर करून सांगा. पीसीएमला चार लाख बसले असं धरलं तर १ पर्सेंटाइल म्हणजे चार हजार मुलं. ९९ म्हणजे तुमच्या पुढे सुमारे चार हजार, ९५ म्हणजे वीस हजार, ९० म्हणजे चाळीस हजार. "नव्वद आलेत, वालचंदला मिळेल" असं म्हणणाऱ्या काकांना हे चाळीस हजार ऐकवावेत. दोघांचा एकूण पर्सेंटाइल सारखाच आला तर आधी गणिताचा बघतात, मग भौतिकचा, मग रसायनचा.

कॅप: इथे घाई नको आणि आळसही नको

सीईटी दिली म्हणजे प्रवेशासाठी नाव नोंदलं असं नाही. कॅपचा अर्ज वेगळा, शुल्क वेगळं. इंजिनिअरिंगचा वेगळा, फार्मसीचा वेगळा. कागद अपलोड केल्यावर छाननी घरबसल्या ई-स्क्रूटिनीने किंवा जवळच्या सुविधा केंद्रात करून घेता येते. आटपाडीत नेट रखडत असेल तर सरळ सुविधा केंद्र निवडा. तात्पुरती गुणवत्ता यादी लागल्यावर तक्रारीची दोन-तीन दिवसांची खिडकी असते. प्रवर्ग, लिंग, होम विद्यापीठ आणि टाइप एवढ्या चार गोष्टी त्या दिवसांत तपासा. अंतिम यादीनंतर कोणी ऐकत नाही. वैधता किंवा नॉन-क्रीमीलेअरची फक्त पावती जोडली असेल तर मूळ कागद सांगितलेल्या मुदतीत द्या, नाहीतर तुम्ही खुल्या प्रवर्गात जाता.

मागच्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ उघडली की रकान्यांवर जी-ओपन-एच, एल-ओबीसी-ओ, जी-ओपन-एस अशी इंग्रजी अक्षरं दिसतात. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधला भाग प्रवर्ग. शेवटचं अक्षर सर्वांत महत्त्वाचं: एच होम विद्यापीठ, ओ बाहेरचं, एस म्हणजे राज्यस्तर, जिथे होमचा प्रश्नच येत नाही. कराडच्या शासकीय कॉलेजसारख्या ठिकाणी एसचे रकाने दिसतील, खासगी कॉलेजांत एच आणि ओ. एका चौकटीत वर १८४५२ आणि खाली कंसात ९५.३ असं लिहिलं असेल, तर पहिला आकडा राज्य गुणवत्ता क्रमांक, दुसरा पर्सेंटाइल. तुलना क्रमांकाशी करा. पर्सेंटाइल परीक्षार्थींच्या संख्येबरोबर हलतो. आणि शेवटच्या फेरीचा कटऑफ पाहून पहिल्या फेरीत आशा बांधू नका, चारही फेऱ्यांच्या पीडीएफ शेजारी ठेवा.

ऑप्शन फॉर्ममध्ये कॉलेज आणि शाखांचा पसंतीक्रम भरायचा असतो. त्याचा नियम एकच: आवडीचा क्रम लावा, शक्यतेचा नाही. संगणक तुमच्या यादीत वरून खाली येतो आणि जी पहिली जागा तुम्हाला मिळू शकते ती देतो. वर स्वप्नातलं कॉलेज लिहिल्याने खालची जागा हातची जात नाही. मागच्या कटऑफनुसार जरा आवाक्याबाहेरची काही, बरोबरीची भरपूर आणि नक्की मिळतील अशी काही, अशी पंचवीस-तीस नावं तरी हवीत. पाच नावं भरून बसलेल्याला पहिल्या फेरीत काहीच मिळत नाही. भरल्यावर कन्फर्म करायला विसरू नका. सेव्ह केलेला पण कन्फर्म न केलेला फॉर्म म्हणजे न भरलेला फॉर्म.

ऑटो फ्रीझ इथे गळ्याशी येतं. २०२५-२६ च्या नियमांत पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कोणताही, किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणताही मिळाला, तर तो घ्यावाच लागतो. पुढच्या फेऱ्या बंद. म्हणून मिळालं तर खरोखर जाल अशीच नावं वरच्या सहात ठेवा. "कुठेतरी मिळू दे" म्हणून घराजवळच्या कॉलेजातली नको असलेली शाखा पहिली लिहिली, की तीच गळ्यात पडते. त्यापलीकडचा पर्याय मिळाला तर १००० रुपये जागा-स्वीकृती शुल्क भरून फ्रीझ करा (तीच जागा पक्की), किंवा बेटरमेंटसाठी (वरच्या पर्यायासाठी) पुढे जा. बेटरमेंटमध्ये वरचं मिळालं की जुनी जागा आपोआप सुटते. शुल्कच भरलं नाही तर ती जागा गेली. हे नियम दर वर्षी थोडे सरकतात, तेव्हा त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतलं फ्रीझचं पान छापून भिंतीवर लावा.

फी आणि सवलती

आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी टीएफडब्ल्यूएस (शिकवणी शुल्क माफी योजना) जागा असतात, शिकवणी शुल्क माफ, प्रवर्गाची अट नाही. त्यांचा चॉइस कोड वेगळा, शेवटी इंग्रजी टी अक्षर. तो ऑप्शन फॉर्ममध्ये स्वतंत्र लिहावा लागतो, नुसतं पात्र असून मिळत नाही. याच उत्पन्नमर्यादेत ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं शिकवणी व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून शासन पूर्ण भरतं, मुलांना महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून निम्म्याच्या आसपास सवलत मिळते. या सवलती कॅपमधून झालेल्या प्रवेशांनाच. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं की त्या जातात, आणि तिथेही सीईटी किंवा जेईईचा स्कोअर लागतोच. "परीक्षा दिली नसली तरी बघून घेऊ" असं सांगणाऱ्याला पैसे देऊ नका.

परदेशी पदवीचा विचार असेल तर

अमेरिकेतल्या विद्यापीठांची धोरणं तीन प्रकारची: सॅट ही तिथली प्रवेश चाचणी सक्तीची, ऐच्छिक, आणि दिली तरी न पाहणारी. कोविडमध्ये बहुतेकांनी सक्ती उठवली होती. एमआयटीने २०२२ मध्ये ती परत आणली, डार्टमथ, हार्वर्ड आणि कॅलटेकने २०२४ मध्ये. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सगळ्या शाखा मात्र सॅट बघतच नाहीत. ऐच्छिक म्हणजे नको, असा अर्थ घेऊ नका; सांगलीच्या राज्य मंडळाच्या कॉलेजची गुणपत्रिका तिथे कोणाला ओळखीची नसते, तेव्हा चांगला सॅट स्कोअर तिला वजन देतो. स्कोअर त्या विद्यापीठाच्या मधल्या पट्ट्याखाली असेल तर पाठवू नका. सॅट आता लॅपटॉपवर, सव्वादोन तासांची, ४०० ते १६०० गुणांची. केंद्रं मोठ्या शहरांतच मिळतात आणि लवकर भरतात, अकरावीतच नोंदणी करा.

प्रवेश बदलताना

इंजिनिअरिंगला प्रवेश घेतल्यावर नीटच्या फेरीत जागा लागली, असं जुलै-ऑगस्टात बऱ्याच घरांत होतं. आधीचा प्रवेश ठरलेल्या अंतिम तारखेपर्यंत रद्द केला तर १००० रुपये वजा करून फी परत मिळते. रद्द करण्याची विनंती कॉलेजात तोंडी न करता लॉगिनमधून करा आणि तिची पोच सांभाळा. मूळ टीसी आणि गुणपत्रिका कॉलेजात जमा करण्याआधी प्रत्येकाच्या पाच साक्षांकित प्रती आणि नीट स्कॅन करून घ्या. दुसऱ्या कॉलेजात रिपोर्टिंगला दोनच दिवस असतात आणि पहिल्या कॉलेजचा क्लार्क नेमका त्याच दिवशी रजेवर असतो.